अक्काचे तीस दिवस

हे लिहायला मी तीनदा बसलो आणि तीनदा उठलो. बायकोला सांगितलेलं नाही, बँडमधल्या पोरांना नाही, आईला तर नाहीच. वीस वर्षांत हे माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही — आणि तोंड तर माझं सतत चालू असतं. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा ओळखत असाल — माझं ते गाणं ऐकलं असेल, डोळे मिटून ऐकलं असेल — आणि मग तर सांगायलाच हवं.

आमचा अल्बम आहे, 'गुरुवार' नावाचा. आठ गाणी. मी लातूरला एका ट्यूशन क्लासवाल्यांकडे लेक्चरचे व्हिडिओ एडिट करतो. त्यांची एक शाखा बंद पडली होती. तिथल्या एका खोलीत भिंतींना जुन्या गाद्या लावून आम्ही चौघांनी ही गाणी रेकॉर्ड केली. दोन गिटार, बेस, ड्रम, आणि माझा आवाज. गाणी सगळी माझ्या घराबद्दल आहेत. एका कडक, देवभोळ्या घरात वाढलेल्या पोराची गाणी, असं लोक म्हणतात. मीही तसंच म्हणतो.

घर निलंग्याचं. वडील — आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो — एसटी डेपोत मेकॅनिक होते. घरात एक पंथ पाळला जायचा. त्याचं नाव सांगत नाही. त्यातली माणसं अजून आहेत, त्यातली बरीच भली आहेत. नियम पुष्कळ होते. कांदा-लसूण नाही, टीव्ही नाही, रेडिओ नाही. शेजारच्या लग्नाची वरात आली की खिडक्या लावून घ्यायच्या. दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या पुढच्या खोलीत सभा भरायची, चाळीसएक माणसं सतरंज्यांवर बसायची, आणि भजन माझी मोठी बहीण सांगायची. उषा तिचं नाव. मी तिला अक्का म्हणतो. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. ती गायला लागली की डेपोतले ग्रीसच्या हातांचे बाप्ये मान खाली घालून डोळे पुसायचे.

आणि शिक्षा? अप्पांनी आमच्यावर कधी हात उचलला नाही. हे मी आठ गाण्यांत कुठेही सांगितलेलं नाही. आमच्याकडची शिक्षा म्हणजे मौन. ज्याची चूक, त्यानं एकवीस दिवस कोणाशी बोलायचं नाही, आणि घरातल्या कोणी त्याच्याशी बोलायचं नाही. जेवायला सगळ्यांच्या नंतर, मागच्या दारापाशी बसायचं. मधेच एक शब्द जरी बोललं, तर झालेले दिवस गेले. पुन्हा पहिल्यापासून मोजायचं.

अल्बममधलं जे गाणं सगळ्यात जास्त वाजतं ते याच्यावरच आहे. 'एकवीस दिवस'. त्यात एक चौदा वर्षांचा पोरगा मागच्या दारापाशी ताट घेऊन बसलाय आणि त्याची आई त्याच्याकडे न बघता वाढते आहे. परभणीच्या एका मुलीनं मला लिहिलं होतं की हे ऐकून ती पहिल्यांदा तिच्या घराबद्दल मैत्रिणीशी बोलली. मी तिला मोठं उत्तर पाठवलं. धीर धर, मी यातून गेलोय, असं लिहिलं. एका मुलाखतीत एका पोरानं सरळ विचारलं, हे खरंच तुमच्या बाबतीत घडलंय का? मी जरा थांबलो — थांबण्याची जागाही बरोबर निवडली होती — आणि हो म्हणालो.

मला मौन कधीच झालं नव्हतं. एक दिवससुद्धा नाही. मागच्या दारापाशी बसली होती ती अक्का.

एवढंच असतं तर मी तीनदा उठलो नसतो. लोक आपल्या माणसांचं दुःख उचलतात, त्याची गाणी करतात, ते चालतं असं मी स्वतःला कितीदा सांगितलं. पण अक्का तिथे का बसली होती?

मी आठवीत होतो. वर्गातल्या इम्रानकडे एक छोटा एमपीथ्री प्लेअर होता, त्याच्या हैदराबादच्या मोठ्या भावानं दिलेला. त्यात सगळी इंग्रजी गाणी भरलेली — ड्रम, गिटार, ओरडणारे गायक. मी माझी बॅट इम्रानला दिली आणि तो प्लेअर घेतला. आयुष्यात पहिल्यांदा असं काही ऐकलं. एकही शब्द कळत नव्हता आणि तरी वाटायचं, हा माणूस आमच्याच घरातून पळून गेलेला आहे. किती दिवस एकट्यानं ऐकणार? एका दुपारी अप्पा कामावर असताना मी इअरफोनची एक तार अक्काच्या कानात घातली आणि दुसरी माझ्या. ती आधी घाबरली. मग हसायला लागली. मग गप्प होऊन ऐकत राहिली. गाणं संपल्यावर म्हणाली, "परत लाव." दुसऱ्यांदा लावलं तेव्हा ती त्या गायकाच्या बरोबरीनं गुणगुणत होती. प्रत्येक वळण बरोबर. मी आठ दिवस प्रयत्न करत होतो आणि मला ते जमलं नव्हतं.

त्यानंतर पाचेक दिवसांनी ती भांडी घासताना तीच चाल गुणगुणली. नकळत. अप्पा ड्युटीवरून लवकर आले होते. त्यांनी विचारलं, हे काय गातीस? कुठं ऐकलंस? अक्का भांडी घासत राहिली. अप्पांनी घर धुंडाळलं आणि आमच्या दोघांच्या पुस्तकांमागे त्यांना प्लेअर सापडला. त्यांनी तो तळहातावर धरला. आवाज चढवला नाही. त्यांचा आवाज कधीच चढत नसे. "कोनाचं हाय हे?"

अक्कानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती मला वाचवत होती, खाली बघून. आणि मी म्हणालो, "अक्काचंय."

भीती होती. होतीच. पण खोटं बोलायला भीती एकटी पुरली नसती. तिनं दोनदा ऐकून ती चाल उचलली होती, हे मला सलत होतं. गुरुवारी माणसं रडायची ती तिच्या आवाजानं. माझ्या आयुष्यात एक गोष्ट फक्त माझी म्हणून आली होती, आणि तीही तिला माझ्याहून चांगली आली. एवढं सगळं मी तेव्हा मनात मांडलं होतं का? नाही. पण 'अक्काचंय' म्हणताना मला बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं मला अजून ओळखू येतं.

अप्पा तिला म्हणाले, "एकवीस दिवस." तिनं मान हलवली.

अक्का बारावीत होती. कॉलेजला जाणं बंद नव्हतं, पण रस्त्यात ती कोणाशी बोलत नाही ना, हे बघायचं काम अप्पांनी मला दिलं. माझी शाळा तिच्या कॉलेजच्या पुढेच होती. मी रोज तिच्या मागे दहा पावलांवर चालायचो. मैत्रिणी आधी हाक मारायच्या, मग मारेनाशा झाल्या. घरी आई तिचं ताट मागच्या दारापाशी ठेवायची आणि पाठ करून उभी राहायची. गुरुवारी सभेत भजन दुसरं कोणीतरी सांगायचं. अक्का भिंतीला टेकून बसायची, ओठ घट्ट मिटून.

आणि नवव्या दिवशी काय झालं, ते — इथेच मी दर वेळी उठतो.

नवव्या दिवशी बसस्टँडच्या मागच्या गल्लीत ती थांबली. रस्त्यावर कोणी नव्हतं. ती वळली, माझ्यापर्यंत चालत आली, आणि अगदी हळू म्हणाली, "रवी, अप्पांना सांग ना रे." बस. रागावली नव्हती. मला खोटारडा म्हणाली नाही. दुकानातून काही आणायला सांगावं तसं म्हणाली. मग परत वळून चालायला लागली.

संध्याकाळी मी अप्पांना सांगितलं. प्लेअर माझा आहे, हे नाही. अक्का आज रस्त्यात बोलली, हे सांगितलं.

कोणाशी बोलली, काय बोलली, त्यांनी विचारलं नाही. त्यांनी तिला समोर बोलावलं आणि म्हणाले, "उद्या पैला दिवस." अक्कानं तेव्हा मात्र माझ्याकडे पाहिलं. कसं पाहिलं, ते मला लिहिता येत नाही. मी गाण्यातही प्रयत्न केला होता, ती ओळ कापून टाकली.

का सांगितलं मी? आज ती माझ्याशी बोलली, उद्या अप्पांशी बोलेल, सगळं सांगून टाकेल, म्हणून. ती बोलायच्या आत मला तिचं बोलणं बंद करायचं होतं. चौदा वर्षांच्या पोराला एवढं कळतं का, असं तुम्ही म्हणाल. मला कळत होतं.

ते नऊ दिवस वाया गेले नसते तर मौन तिच्या प्रॅक्टिकलच्या आधी संपलं असतं. आता प्रॅक्टिकल मौनाच्या मधोमध आली. अप्पांना वाटलं परीक्षा म्हणजे लिहायची असते, बोलायचं काय काम? तोंडी प्रश्न असतात हे घरात कोणाला माहीत नव्हतं, आणि जिला माहीत होतं तिला बोलायची मुभा नव्हती. त्या दिवशी मला शाळा बुडवून तिच्या मागे जायला सांगितलं होतं. मी जीवशास्त्राच्या लॅबच्या खिडकीशी उभा होतो. बाहेरून आलेल्या मॅडमनी तिला काहीतरी विचारलं. अक्का त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांनी परत विचारलं, हसून विचारलं, पाणी दिलं. अक्कानं खिडकीकडे पाहिलं — मी तिथे आहे का, ते बघायला. मी होतो. तिला उत्तरं येत होती. आदल्या आठवड्यात मी तिला आवाज न करता, नुसते ओठ हलवत पाठ करताना पाहिलं होतं. ती काही बोलली नाही.

तिला लातूरला नर्सिंगला जायचं होतं. ती पास झाली, पण मार्क घसरले आणि नंबर लागला नाही. अप्पा म्हणाले, देवाच्या मनात नसेल. पुढच्या वर्षी उमरीचं स्थळ आलं आणि ती लग्न होऊन नांदेड जिल्ह्यात गेली. मौन संपल्यावरच्या पहिल्या गुरुवारी सभेत तिला भजन सांगायला लावलं होतं. तिनं टाळ हातात घेतले, तोंड उघडलं, आणि टाळ खाली ठेवले. म्हणाली, "येत न्हाई." त्यानंतर तिला गाताना कोणी ऐकलेलं नाही.

भजन मग मी सांगायला लागलो. माझा आवाज तिथेच तयार झाला.

अल्बम आला तेव्हा अप्पा रिटायर होऊन निलंग्यातच होते. शेजारच्या पोरानं त्यांना फोनवर 'एकवीस दिवस' ऐकवलं. त्यांचा मला फोन आला. म्हणाले, "तुला मौन कवा दिलतं मी?"

मी म्हणालो, "गाण्यात असं बदलावं लागतं, अप्पा."

ते म्हणाले, "मंग तिचं नाव का न्हाई घातलंस?"

मी रेंज जातेय म्हणून फोन ठेवला.

पुढे काय झालं ते मला खूप उशिरा कळलं, अक्काकडून. नांदेडला एका कॉलेजच्या हॉलमध्ये आमचा कार्यक्रम होता. मी तिला बोलावलं नव्हतं. तिच्या मुलीनं कुठेतरी पोस्टर पाहिलं आणि दोघी उमरीहून दुपारच्या गाडीनं आल्या. मी स्टेजवरून तिला तिसऱ्या रांगेत पाहिलं, तेव्हा 'एकवीस दिवस' सुरू झालं होतं. थांबायचं की नाही? मी थांबलो नाही. तिच्या समोर, तिचं ताट माझ्या हातात घेऊन, मी शेवटपर्यंत गायलो. हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. तिनंही वाजवल्या.

नंतर गेटबाहेर चहाच्या गाड्यापाशी आम्ही उभे होतो. भाची बँडमधल्या पोरांबरोबर फोटो काढत होती. अक्का म्हणाली, "गानं चांगलं हाय. तीस होते पन."

वाया गेलेले नऊ आणि नंतरचे एकवीस.

मग तिनं सांगितलं की अप्पा तिच्याकडे येऊन गेले. निलंग्याहून उमरीपर्यंत, तीन गाड्या बदलून, एकटे, त्या वयात. ओट्यावर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "तू ते यंत्र आनलंस ती चूक व्हती. पन येवढी शिक्षा द्यायची न्हवती. माझं चुकलं." अप्पा आयुष्यात कोणाला 'माझं चुकलं' म्हणाल्याचं मला आठवत नाही. माझ्या खोट्या गाण्यानं त्यांना तिथवर नेलं होतं.

"मग तू सांगितलंस का," मी विचारलं, "की तुझं नव्हतं?"

"न्हाई."

"का?"

तिनं कप गाड्यावर ठेवला. "तू सांगशील मनलं."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तुम्हाला वाटेल, असायला हवा होता. मलाही तेव्हा वाटलं, हिनं एक कानाखाली ओढावी. तिनं माझ्या शर्टावरचं काहीतरी झटकलं आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघाली.

मी सांगेन असं तिथेच ठरवलं. खरंच ठरवलं होतं. आणि संधी आली नाही असंही म्हणता येणार नाही.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता अप्पांचं हृदय थकलं. लातूरला दवाखान्यात ठेवलं. दोन दिवस त्यांच्याजवळ मी एकटाच होतो. आई निलंग्याला, अक्काची मुलगी आजारी म्हणून अक्का उमरीला अडकलेली. अप्पा शुद्धीवर होते, बोलत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी खुर्ची त्यांच्या उशाशी ओढली. पंखा चालू होता, बाजूची कॉट रिकामी होती. मी म्हणालो, "अप्पा, ते मशीन सापडलं होतं ना —"

त्यांनी माझा हात धरला. त्यांना वाटलं मी गाण्याबद्दल माफी मागतोय. म्हणाले, "गान्याचं जाऊ दे. तू तवा खरं बोललास मनून मला कळलं. बहीन आसून तू लपवलं न्हाईस. मी डेपोत समद्याला सांगायचो, माझं लेकरू खोटं बोलत न्हाई."

तो हात अजून जड वाटतो. एक वाक्य होतं. चार शब्दांचं. ते माझं होतं, अप्पा. त्यांचं काळीज थकलेलं आहे, त्यांना धक्का बसेल, असं मला वाटलं का? नाही. ते मी नंतर जुळवलं. त्या घटकेला मला फक्त एवढंच वाटलं की ज्या माणसानं मला वीस वर्षं खरं बोलणारा मानलं, त्याच्या नजरेतून मला उतरायचं नाही. मी म्हणालो, "पाणी देऊ का?"

तीन दिवसांनी ते गेले. अक्का पोचली तेव्हा उशीर झाला होता.

तेराव्याला पंथाची सगळी माणसं निलंग्याच्या घरी आली. पुढच्या खोलीत सतरंज्या टाकल्या. एक म्हातारे गृहस्थ अक्काला म्हणाले, बाई, तुझ्या बापासाठी एक भजन सांग. ती म्हणाली, "रवी सांगतो की." मी सांगितलं. माणसं रडली.

सगळे जेवून गेल्यावर अक्का आणि मी मागच्या अंगणात पातेली धूत होतो. आई आत पडली होती. अक्कानं हात थांबवले आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "तू व्हतास ना दोन दिवस. बोललास का?"

मला कळलं ती काय विचारतेय. नाही म्हणायला किती वेळ लागतो?

मी म्हणालो, "हो. सांगितलं सगळं."

तिचे हात साबणाच्या पाण्यात तसेच राहिले. "काय मनले?"

आता इथे माझ्याकडे काहीच नव्हतं. अप्पा असं काही म्हणाले नव्हते, मी त्यांना काही सांगितलंच नव्हतं. पण मी गाणी लिहितो. कुठल्या वाक्यानं माणूस हलतो, ते मला चांगलं माहीत आहे. मी थोडा थांबलो, त्या मुलाखतीत थांबलो होतो तसाच, आणि म्हणालो, "म्हणाले, माझी उषा तशी नव्हतीच. मला आधीच कळायला पाहिजे होतं."

अक्का खाली बसली. दोन्ही ओल्या हातांनी पदर तोंडावर धरला आणि रडायला लागली. मौनात ती रडली नव्हती, लग्नात नाही, अप्पांना उचललं तेव्हाही नाही. आता मोठ्यानं रडली, लहान पोरीसारखी. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

जरा शांत झाल्यावर तिनं पदर बाजूला केला. म्हणाली, "परत सांग. कसं मनले?"

मी परत सांगितलं. अप्पांच्या आवाजात सांगितलं.